आधी बोअर मोजा, मग रिंगा मागा

"ताई, पैशाकडं बघू नका, सगळ्यात भारीतल्या रिंगा घाला." कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं इंजिन बोअरिंगचं दुकान आहे. टेम्पोतून इंजिन उतरवता उतरवता गिऱ्हाईक हे वाक्य हमखास बोलतं. काही जण याच्या बरोबर उलटं सांगतात, "नुसत्या रिंगा बदला, बोअरबिअर काही नको." दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. हेड खोलू दे, सिलिंडर मोजू दे, मग रिंगांचं बोलू.

हे दुकान वडिलांनी सुरू केलं. मायक्रोमीटर कसा धरायचा हे मी त्यांच्याकडून शिकले. मोटारीच्या इंजिनात रिंगांइतका स्वस्त आणि रिंगांइतकं नुकसान करू शकणारा भाग दुसरा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक रिंगांची कंपनी निवडण्यात डोकं घालतात आणि ती रिंग ज्या भिंतीवर घासणार आहे तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. जुन्या गाडीचं इंजिन नव्यानं बांधायचं ज्यांच्या मनात आहे, आणि मिस्त्री काय बोलतोय ते ज्यांना कळून घ्यायचंय, अशांसाठी हे लिहिते आहे.

उदाहरण घेऊ प्रीमियर पद्मिनीचं. गडहिंग्लजकडच्या एका सरांनी वडिलांची पद्मिनी आमच्याकडे आणली होती. गाडी रोज वापरायची नव्हती, पण विकायचीही नव्हती. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं फियाटच्या परवान्यानं ती काढली. १९६४ साली ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली आणि पुढे सत्तरीच्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती सगळ्यांनाच ठाऊक आहे. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. साधं, जाड ओतकामाचं, दुरुस्तीला सोपं इंजिन. शिकायला याच्यापेक्षा चांगलं इंजिन नाही, म्हणून आमच्याकडच्या पोरांना मी आजही पद्मिनीच्या ब्लॉकवरच मोजमाप शिकवते.

सरांची तक्रार नेहमीचीच. गाडी ऑइल पितेय, चढाला पिकअप नाही, मागून निळा धूर. ऑइल भरायचं झाकण काढलं की तिथूनही धुराचे भपकारे येतात. आमच्याकडे याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ज्वलनाचा गॅस पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोय असा त्याचा अर्थ.

रिंग म्हणजे मध्ये चीर असलेली लोखंडी बांगडी. पिस्टनच्या अंगावर खाचा असतात, त्यांत ती बसते आणि स्वतःच्या ताणानं सिलिंडरच्या भिंतीला टेकून राहते. बहुतेक मोटारींच्या पिस्टनला अशा तीन रिंगा असतात. वरची कॉम्प्रेशन रिंग गॅस अडवते. दुसरी उरलासुरला गॅस अडवते आणि शिवाय भिंतीवरचं ऑइल खाली खरवडते. तिसरी ऑइल रिंग भिंतीवर ऑइलचा अगदी पातळ थर ठेवून बाकीचं खाली परत पाठवते. याखेरीज रिंगांचं आणखी एक काम आहे, त्याची आठवण कुणालाच होत नाही. पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोल जळतं, तिथली बरीचशी उष्णता या रिंगांमधूनच सिलिंडरच्या भिंतीत आणि तिथून पाण्यात जाते. रिंग भिंतीला नीट टेकली नाही तर पिस्टन तापतो आणि धरतो.

चिरलेल्या धातूच्या रिंगेची ही कल्पना जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनिअरची, १८५२ सालची. त्याआधी वाफेच्या इंजिनात पिस्टनभोवती तागाचे दोर गुंडाळत, आणि ते सारखे बदलावे लागत. रॅम्सबॉटमची रिंग स्वतःच उघडून भिंतीला चिकटायची. आजची रिंग मुळात तीच आहे.

गिऱ्हाईक "कडक रिंग" मागतं, म्हणून एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. रिंगेचा स्वतःचा ताण फार नसतो. पेट्रोल पेटतं तेव्हा गॅसचा दाब बाहेरच्या हवेच्या तीसचाळीस पट होतो. हा गॅस खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तिला भिंतीवर दाबतो. ज्या गॅसला अडवायचं, तोच रिंगेला जोर पुरवतो. म्हणून हातात घेतल्यावर कडक लागणारी रिंग चांगली, ही समजूत खरी नाही. रिंग गोल असावी, खाचेत मोकळी हलावी आणि भिंतीला सगळीकडून टेकावी, एवढं पुरतं. पद्मिनीचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असताना पिस्टन सेकंदाला सरासरी साडेसात मीटर धावतो. म्हणजे तासाभरात एकेक रिंग सत्तावीस किलोमीटर भिंत घासते. ऑइलच्या त्या पातळ थराशिवाय हे शक्यच नाही.

आता तपासणी. धूर दिसला की रिंगा गेल्या, असं धरून चालायचं नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर एकदा निळा भपका येऊन थांबत असेल, किंवा लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर येत असेल, तर संशय आधी व्हॉल्व्ह गाइडवर घ्यावा. चढाला, जोर लावताना सतत धूर येत असेल तर रिंगा आणि बोअरवर. खात्री करायला कॉम्प्रेशन गेज आहे. इंजिन गरम करायचं, सगळे प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहायचे. मग ज्या सिलिंडरचा आकडा कमी आहे त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वर चढला तर रिंगा किंवा बोअर गेलेत, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती भरली. आकडा तिथंच राहिला तर गॅस बहुधा व्हॉल्व्हमधून जातोय. या चाचणीला फार वेळ लागत नाही, आणि तिच्याशिवाय इंजिन खोलायला लावणाऱ्या मिस्त्रीला गाडीमालकानं थांबवावं.

आणखी एक. गाडी वर्षानुवर्षं झाडाखाली उभी असेल तर रिंगा झिजलेल्या नसतात, कार्बननं आणि घट्ट झालेल्या ऑइलनं खाचेत चिकटून बसलेल्या असतात. अशा इंजिनात प्लगच्या भोकांतून कार्बन सोडवणारं द्रावण घालून दोनतीन दिवस भिजवत ठेवावं. कधीकधी एवढ्यावरच काम भागतं.

सरांच्या पद्मिनीत ऑइल सोडल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा आकडा सरळ वर गेला. मग हेड खोललं.

झिजलेल्या सिलिंडरमध्ये बोट घालून बघितलं की पहिल्यांदा लागतो तो तोंडाशी असलेला कंगोरा. वरची रिंग जिथपर्यंत येते त्याच्या वरची भिंत कधीच घासत नाही, ती कारखान्यातून आली तशीच राहते. तिच्या लगेच खाली सगळ्यात जास्त झीज होते. तिथं पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, त्यामुळे ऑइलचा थर तुटतो. गॅसचा दाबही तिथंच सर्वाधिक आणि उष्णताही. खाली उतरत जाल तशी झीज कमी होते. म्हणजे जुना सिलिंडर सरळ राहत नाही, वर रुंद आणि खाली अरुंद होतो. याला टेपर म्हणतात. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला एका बाजूला जास्त दाबतो, म्हणून गोलाईही जाते. याला ओव्हल म्हणतात.

माझ्याकडे बोअर गेज आहे. पण गिऱ्हाईकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून मी मुद्दाम साध्या पद्धतीनं मोजून दाखवते. पद्धत कुणालाही जमेल. एक नवी स्टँडर्ड रिंग घ्यायची. ती सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टन उलटा धरून त्याच्या डोक्यानं खाली ढकलायची, म्हणजे ती तिरकी न होता आडवी बसते. तळाशी, जिथं भिंत कमी झिजलेली असते तिथं नेऊन, रिंगेच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजायची. मग तीच रिंग वर, कंगोऱ्याच्या लगेच खाली आणून पुन्हा मोजायची.

सर गणिताचे शिक्षक. मी फिलर गेजच्या पात्या त्यांच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "सर, तुम्हीच मोजा." तिसऱ्या सिलिंडरमध्ये तळाशी ०.३५ मिलिमीटरची पाती हलकी घासत गेली. वरच्या जागी पात्या जोडत जोडत ते ०.८५ वर थांबले. "अर्धा मिलिमीटर फरक," ते म्हणाले. मी म्हटलं, "आता त्याला पायनं भागा." रिंगेतली फट परिघावर मोजली जाते आणि आपल्याला हवा असतो व्यास. ०.५० ला ३.१४ नं भागलं की ०.१६ येतात. सिलिंडर वर खालच्यापेक्षा ०.१६ मिलिमीटर रुंद झाला होता. सरांनी तो आकडा दोनदा काढला आणि कागदावर लिहून घेतला. पुढचा अर्धा तास ते उरलेल्या तिन्ही सिलिंडरमध्ये रिंग वरखाली सरकवत बसले होते. तिसरा सगळ्यात वाईट निघाला, पण बाकीचेही त्याच्या फार मागे नव्हते.

०.१६ म्हणजे दीड-दोन केसांच्या जाडीइतकं, पण रिंगेच्या दृष्टीनं फार मोठं. पिस्टन वर जाताना रिंग अर्धा मिलिमीटर उघडते, खाली येताना तेवढीच मिटते. ३००० फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला शंभर वेळा भिंतीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, म्हणजे रिंगेला सेकंदात पन्नास वेळा उघडून पन्नास वेळा मिटावं लागतं. वेग वाढला की तिला ते जमत नाही. ती भिंत सोडते, गॅस खाली जातो, ऑइल वर येतं. रिंग कितीही भारीतली असली तरी यातून सुटका नाही.

आमच्या लाइनीत साधारण हिशेब असा आहे. टेपर ०.१० मिलिमीटरच्या आत असेल, गोलाई फारशी गेलेली नसेल आणि पिस्टनच्या खाचा शाबूत असतील, तर नुसत्या रिंगा घालून काम होतं. इंची मापात जुने मिस्त्री चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारावे भाग, म्हणतात, तेही एवढंच. पाच थाऊच्या पुढे गेलं की बोअर करा, म्हणजे सिलिंडर मशीनवर मोठा करून घ्या. मधलं असेल तर गाडीचा वापर बघून ठरवायचं. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीला नव्या रिंगांवर काही वर्षं काढता येतात. रोज आंबोली घाट चढणाऱ्या गाडीला तेवढ्यावर भागत नाही.

नुसत्या रिंगा घालायच्या ठरल्या तर तोंडाचा कंगोरा आधी काढलाच पाहिजे. जुनी रिंग त्या कंगोऱ्याबरोबरच झिजत आलेली असते, तिच्या कडा गोल झालेल्या असतात. नव्या रिंगेची कड धारदार असते. ती थेट कंगोऱ्यावर आदळते, आणि मग रिंग तुटते किंवा पिस्टनची खाच. ज्यांना कंगोरा काढायचा नसतो त्यांच्यासाठी वरच्या कडेला पायरी कापलेली खास रिंगही असते. पण कंगोरा काढायचं हत्यार प्रत्येक बोअरिंगवाल्याकडे असतं आणि कामही थोडं आहे. ते करून घ्या.

झिजलेल्या बोअरमध्ये रिंगेचा गॅप कुठं मोजायचा, याबद्दलही गोंधळ असतो. गॅप म्हणजे रिंगेच्या टोकांमधली तीच फट. ठोकताळा असा की बोअरच्या दर १०० मिलिमीटरला ०.३ ते ०.४ मिलिमीटर, आणि गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा आधी पाळायचा. गॅप मोठा झाला तर थोडा गॅस गळतो. लहान राहिला तर गरम झाल्यावर रिंग लांबते, टोकं एकमेकांवर आपटतात, रिंगेला पसरायला जागा उरत नाही आणि ती बोअर ओरबाडत जाते. म्हणून झिजलेल्या सिलिंडरमध्ये गॅप तळाशी, अरुंद जागी मोजायचा. तिथं तो पुरेसा असला की वर असतोच. काही जण झिजलेल्या स्टँडर्ड बोअरमध्ये ओव्हरसाइज रिंग आणून तिची टोकं कानशीनं घासून बसवतात. असं कधी करू नये, आणि आपल्या इंजिनात करूही देऊ नये. रिंग ज्या व्यासासाठी बनवलेली असते त्याच व्यासाला ती गोल असते. दुसऱ्या मापात कोंबली की ती भिंतीला काही जागी टेकते, काही जागी टेकत नाही.

सरांच्या इंजिनाला बोअर करायचं ठरलं. ओव्हरसाइज पिस्टन ठरावीक पायऱ्यांनी मिळतात. इंची मापाच्या इंजिनांना दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ. मेट्रिक मापाच्या बऱ्याच गाड्यांना ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर. फियाटच्या घराण्यात या पायऱ्या ०.२० च्या आहेत. सरांनी विचारलं, "झीज ०.१६ ची, मग ०.२० पुरत नाही का?" प्रश्न चांगला होता. तळाचीही थोडी झीज असते, ती धरली की वर एकूण आकडा ०.२० च्या जवळ जातो. शिवाय झीज चारही बाजूंनी सारखी नसते. बोअरिंगचं हत्यार सिलिंडरच्या मूळ मध्यावर फिरतं, त्यामुळे जास्त झिजलेल्या बाजूला ०.२० मध्ये हत्यार लागलंच नसतं. म्हणून ०.४० घेतलं, आणि चारही सिलिंडरना तेच. एक सिलिंडर खराब म्हणून तेवढाच मोठा करायचा, असं चालत नाही. चारही पिस्टनचं वजन सारखं राहिलं पाहिजे, नाहीतर इंजिन हादरतं. शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत जाऊन आलेल्या ब्लॉकमध्ये लायनर ठोकून पुन्हा स्टँडर्ड मापावर येता येतं, त्यामुळे जुना ब्लॉक भंगारात द्यायची घाई करू नये.

आमच्या दुकानात नियम आहे. नवे पिस्टन हातात आल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. डब्यावर माप छापलेलं असलं तरी मी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजते आणि त्या पिस्टनला लागणारी मोकळीक धरून तोच सिलिंडर त्या मापात उतरवते.

आता रिंगेच्या धातूकडे येते, कारण "भारीतल्या" म्हणजे काय हा प्रश्न तिथला आहे. साधी ओतीव लोखंडाची रिंग सगळ्यात जुनी आणि स्वस्त. ती लवकर बसते, म्हणजे थोड्याच वेळात घासून भिंतीच्या आकाराची होते. बोअर थोडा ओव्हल असला तरी सांभाळून घेते. जुन्या बोअरमध्ये नुसत्या रिंगा घालायच्या असतील तर मी हीच सुचवते. दुकानदार महाग डबा पुढे करेल, तरीही हीच. क्रोम चढवलेली रिंग फार कठीण असते. धूळ तिच्यात रुतत नाही, त्यामुळे उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांना, जीपना, टेम्पोंना वरची रिंग क्रोमची उत्तम. पण कठीण असल्यामुळेच ती बसायला वेळ घेते आणि बोअर नवा, सरळ आणि नीट होन केलेला (होनिंगचं पुढे सांगते) मागते. झिजलेल्या, चकचकीत बोअरमध्ये ती बसतच नाही आणि धूर पहिल्यासारखा चालू राहतो. ज्या इंजिनात सिलिंडरच क्रोमचे असतात तिथं तर क्रोमची रिंग घालूच नये. तिसरा प्रकार मॉलिब्डेनमचा थर दिलेल्या रिंगांचा. मॉलिब्डेनम २६०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं आणि त्याच्या थरात बारीक छिद्रं असतात, त्यांत ऑइल टिकून राहतं. त्यामुळे खूप तापणाऱ्या, जोरात पळवायच्या इंजिनात ही रिंग भिंतीला चिकटत नाही. पण त्याच छिद्रांत धूळही अडकते. एअर फिल्टरची हयगय होत असेल त्या गाडीला ही घेऊ नये.

सरांची गाडी सणासुदीला निघणार, डांबरी रस्त्यावर चालणार, अंगणात झाकून राहणार. बोअर नवा होणार होताच. वरची क्रोमची घेतली असती तर चुकलं नसतं. पण अशा गाडीत नव्या इंजिनाला एकसलग पळवणी क्वचितच मिळते, म्हणून मी साध्या लोखंडाचा सेट सांगितला. तो क्रोमपेक्षा स्वस्त पडला.

रिंगा घेताना पिस्टनबरोबरचा पूर्ण सेट घ्यावा. आपल्याकडे त्या बनवणारे चांगले कारखाने आहेत. नाशिकला परफेक्ट सर्कलच्या नावानं रिंगांचं काम वर्षानुवर्षं झालं आहे, आणि आमच्या कोल्हापुरात मेनन पिस्टन्स आहे. सुटी रिंग, उघडा डबा, खाडाखोड केलेलं माप यांना हात लावू नका. रिंग सपाट काचेवर ठेवून बघा, ती कुठंही उचललेली नसावी. जुना पिस्टन ठेवायचा असेल तर खाचांतला कार्बन काढून नवी रिंग खाचेत बसवा आणि वरच्या बाजूची मोकळीक फिलर गेजनं बघा. साधारण ०.०४ ते ०.०८ मिलिमीटर ठीक. ०.१५ ची पाती सहज जात असेल तर पिस्टन गेला. तशा खाचेत रिंग फडफडते आणि ऑइल वर पंप करते.

बसवण्याबद्दल थोडंच सांगते, कारण ते मिस्त्रीचं काम. पण उभं राहून बघता येईल असं काही आहे. दुसरी रिंग बाहेरून किंचित तिरकी घासलेली असते आणि तिच्या एका बाजूवर "टॉप" किंवा टिंब असतं. ती खूण वर यायला हवी. उलटी बसली तर रिंग ऑइल खाली ओढण्याऐवजी वर ओढते, आणि नवं इंजिन पहिल्या दिवसापासून धूर काढतं. तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगेत मधल्या स्प्रिंगची टोकं एकमेकांना भिडावीत, एकावर एक चढू नयेत. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत ठेवू नयेत. गॅप वाढवायला टोक घासावं लागलं तर एकच टोक घासावं, आणि क्रोमची रिंग असेल तर कानस बाहेरून आत चालवावी, नाहीतर क्रोमचा कपचा उडतो.

बोअर झाल्यावर होनिंग. सिलिंडरमध्ये दगड फिरवता फिरवता वरखाली हलवायचे, म्हणजे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उठतात. त्या रेघांत ऑइल थांबतं आणि त्यांच्यावरच नवी रिंग घासून बसते. साध्या आणि क्रोम रिंगांना मी २२० ते २८० नंबरचा दगड वापरते, मॉलिब्डेनमच्या रिंगांना त्याहून बारीक. जुन्या बोअरमध्ये नुसत्या रिंगा घालायच्या असल्या तरी हलकं होनिंग हवंच.

यानंतरचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह त्याचाच. होन केलेला ब्लॉक गरम पाणी आणि साबणानं, ब्रश घालून धुवायचा. पेट्रोलनं किंवा रॉकेलनं पुसून चालत नाही. त्यानं ऑइल निघतं, दगडाची बारीक पूड रेघांत तशीच राहते, आणि तीच पूड नव्या रिंगा खाऊन टाकते. धुतल्यावर पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून सिलिंडरमध्ये फिरवायचं. फडकं करडं आलं तर पुन्हा धुवायचं. पांढरं बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही, आणि मग लगेच ऑइल लावायचं, नाहीतर गंज धरतो. सरांच्या ब्लॉकमधून पहिलं फडकं काढलं तेव्हा डोळ्यांना ब्लॉक स्वच्छच दिसत होता, पण फडकं काळसर निघालं होतं.

इंजिन बांधून झालं की लोक ते तासभर उभ्या जागी आयडलवर चालवत ठेवतात, "सावकाश बसू दे" म्हणून. नव्या रिंगांचं त्यानं नुकसान होतं. आयडलवर गॅसचा दाब कमी असतो, रिंग भिंतीवर जोरानं दाबली जात नाही, आणि रेघा घासल्याविना चकचकीत होऊन जातात. गाडी लवकर रस्त्यावर काढा. मध्यम वेगात थोडा जोर द्या, मग ॲक्सिलरेटर सोडून गाडीला तिच्या जोरावर मंदावू द्या, पुन्हा जोर द्या. एकाच वेगात लांब पळवू नका, ओझं ओढायला लावू नका. सुरुवातीला साधं मिनरल ऑइल वापरा आणि पाचशे किलोमीटरला ते बदलून टाका. फिल्टरही त्याच वेळी.

तुमच्या गाडीचं असं काम निघालं तर मिस्त्रीकडून एक कागद मागा. प्रत्येक सिलिंडरचं वर, मध्ये आणि तळाशी असं तीन ठिकाणचं, दोन दिशांनी घेतलेलं माप त्यावर लिहून घ्या. कुठल्या धातूच्या, कुठल्या मापाच्या रिंगा आणि का, हे त्या आकड्यांवरून समजावून मागा. तो कागद गाडीच्या पुस्तकात जपून ठेवा, पुढच्या वेळी ब्लॉकमध्ये किती माप शिल्लक आहे ते त्यावरूनच कळेल. आकडे न दाखवता कुणी रिंगांचा डबा फोडायला निघालं, तर इंजिन टेम्पोत परत चढवा आणि मोजून देणाऱ्याकडे घेऊन जा.